तारेला तेल

तेलकाकांच्या हॉस्पिटलात एकही दार कुरकुरत नाही. हॉस्पिटल अर्थात त्यांच्या मालकीचं नाही. ते तिथे देखभाल विभागात नोकरीला आहेत आणि त्यांची खोली तळघरात आहे, जिला साधी खिडकीसुद्धा नाही. पण ‘आमच्या हॉस्पिटलात’ हे शब्द ते अशा तोऱ्यात उच्चारतात की नव्या माणसाला वाटावं, ही इमारत यांच्या आजोबांनीच बांधली. खिशात लांब नाकाची तेलाची डबी, खांद्यावर फडकं, आणि कान कायम टवकारलेले. बिजागरी कर्र करते, कोरडं चाक कुईं करतं, सैल स्क्रू खडखडतो, आणि जे चर्रचर्र करतं त्याला तेल नाही, पाना लागतो. हे सगळं त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

तेल सोडून झालं की काका दार उघडून मिटून बघतात. मग बिजागरीवर अंगठा फिरवतात, तेल आतपर्यंत पोचलं की नाही ते बघायला. आणि मग जवळ जो कोणी असेल, नर्स असो, डॉक्टर असो, पाय टांगून ठेवलेला रुग्ण असो, त्याला विचारतात, “आता येतो का आवाज?”

“नाही येत, काका.”

एवढं ऐकलं की स्वारी खूश. दुपारी नुकताच डोळा लागलेला रुग्ण दाराच्या आवाजाने दचकून उठू नये, एवढ्यासाठी या माणसाने आयुष्य घातलं. बक्षीस नाही, फलक नाही, आणि गंमत म्हणजे काम जितकं चांगलं तितकं ते कोणाच्या लक्षातही येत नाही. काकूंच्या मात्र लक्षात येतं. काकू म्हणजे त्यांची बायको, त्याच हॉस्पिटलच्या लाँड्रीत. या दोघांचं लग्नसुद्धा एका चाकावरून जमलं. काकूंची ओल्या चादरींची ट्रॉली वाजायची, काका येऊन तेल घालायचे, आणि चार दिवसांत ती पुन्हा वाजायची. काका चक्रावून गेले होते. काकू त्या चाकावर रोज साबणाचं कढत पाणी ओतायच्या हे त्यांना लग्नानंतर कळलं.

घरात तिसरं माणूस म्हणजे दादा, काकांचे थोरले भाऊ. लग्न केलं नाही, ग्रंथालयात नोकरी केली, आणि उरलेला सगळा जीव डबल बासला दिला. माणसापेक्षा उंच, चार जाड तारांचं ते धूड घराच्या बाहेरच्या खोलीत उभं असतं. शहरातल्या हौशी वाद्यवृंदात दादा पहिल्यापासून बासवर. धाकट्या भावालाही त्यांनीच शिकवलं, पण उभं केलं ते आपल्या मागे. काका वाद्यवृंदाच्या जुनाट बासवर बहुतेक वेळ बोटांनी तारा छेडायचे, आणि गज धरलाच तर दादांच्या भरदार सुराखाली त्यांचा सूर झाकला जायचा. ते कसं वाजवतात हे कोणाला कळायचं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही कळायचं नाही.

दादांचं भावावर प्रेम होतं, पण ‘तेलकाका’ हा शब्द त्यांना मुळीच खपत नसे. “लोकांनी तुला डबीवरून ओळखावं? शोभतं का?” असं ते म्हणायचे. घरात तो शब्द काढायला बंदीच होती. वाद्यवृंदात कोणी नवीन आलं की भावाची ओळख करून देताना ते म्हणत, “हा आमचा धाकटा. हॉस्पिटलात असतो.” आणि लगेच विषय बदलत. ऐकणाऱ्याला वाटायचं, बिचारा आजारी दिसतो.

मागच्या हिवाळ्यात दादांना अर्धांगाचा झटका आला. ते वाचले, पाय ओढत का होईना चालू लागले, जीभ तर पहिल्यापेक्षा धारदार झाली. पण उजवा हात गेला तो गेलाच, आणि तोच गजाचा हात. त्यानंतर दादा घराबाहेर पडले नाहीत. खुर्ची खिडकीकडे आणि पाठ बासकडे करून दिवसभर बसायचे. जेवण अर्धं टाकायचे. काकूंना ते बघवत नसे. आपल्या डोळ्यांदेखत माणूस असा खुर्चीत विरघळून जायचा, ही भीती त्यांना रोज ताट उचलताना वाटायची.

वाद्यवृंद चालवणाऱ्या संगीतबाईंनी दादांची जागा काकांना दिली, आणि बासही दादांचाच वाजवायला सांगितला. आणि तिथेच सगळं उघड्यावर आलं. यंदाच्या कार्यक्रमात बाईंनी स्वतः बांधलेली एक रचना होती. ती सुरू व्हायची ती एकट्या बासच्या सुराने. बाकी सगळे गप्प, आणि सगळ्यात जाड तारेवर गजाने धरलेला एकच लांब खर्जातला सूर. काकांनी गज ओढला, आणि त्या गंभीर शांततेत सूर निघण्याआधी निघालं ते एक स्पष्ट, चिरकं ‘कुईं’.

पुन्हा वाजवलं. पुन्हा कुईं.

“काका,” बाई म्हणाल्या, “तुमच्या सुराला मागून कोणीतरी चिमटा काढतंय.” सगळे हसले, काकाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. ज्या माणसाने हॉस्पिटलचं चाकन् चाक गप्प केलं, त्याच्याच हातातून चाकाचा आवाज यावा! तालीम संपल्यावर बाईंनी त्यांना बाजूला घेतलं. “शेवटच्या तालमीपर्यंत हा आवाज गेला नाही, तर सुरुवात मी चेलोवाल्यांना देईन. मला वाईट वाटेल, पण देईन.”

काकांनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा दादा खिडकीबाहेरच बघत होते. मान न वळवता म्हणाले, “चेलोंना द्यायचं असलं तर माझा बास आणून त्या कोपऱ्यात ठेव. आणि मला ऐकायला चल म्हणू नकोस. मी त्या हॉलची पायरी चढणार नाही.”

“आणि यांनी वाजवलं तर?” काकूंनी विचारलं.

“तर येईन,” दादा म्हणाले.

काकूंना तेवढं पुरलं. ते कुईं राहिलं तर दादा जन्मभर त्या खुर्चीत बसणार, आणि गेलं तर उठणार, हे आता त्यांना स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी काकू कामावरून आल्या तर दादा झोपलेले, आणि काका बासपाशी गुडघे टेकून बसलेले. चेहऱ्यावर समाधान. फडक्याला हात पुसत ते उठले, गज उचलला आणि जाड तारेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढला. कुईं नाही. कर्र नाही. काही नाही.

“आता येतो का आवाज?” त्यांनी विजयाने विचारलं.

“नाही येत,” काकू म्हणाल्या. “कुठलाच येत नाही.”

काकांनी पुन्हा गज ओढला. तारेवरून तो सरळ घसरत गेला आणि खोलीत नुसता पंख्याचा आवाज ऐकू येत राहिला. तेवढ्यात काकूंची नजर स्टुलावर गेली. तिथे लांब नाकाची डबी होती.

“अहो! तारेला तेल घातलंत?”

“कुरकुरत होती ना,” काका म्हणाले. आता त्यांच्या आवाजातला विजय जरा ओसरला होता. “गजालाही थोडं लावलं. सगळीकडे सारखं.”

दादा जागे झाले ते या वाक्याला. त्यानंतर ते काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. ग्रंथालयात आयुष्य काढलेल्या माणसाला एवढे शब्द ठाऊक असतील असं काकूंना कधी वाटलं नव्हतं. पण एक गोष्ट त्यांनी मनात टिपून ठेवली. झटक्यानंतर पहिल्यांदाच दादांनी आपली खुर्ची स्वतः बासकडे वळवली होती.

“अरे शहाण्या,” शिव्या संपल्यावर दादा म्हणाले, “तार वाजते ती गजाने धरली म्हणून. घोड्याच्या शेपटीचे केस, त्याला राळ लावायची ती चिकटावं म्हणून. तो धरतो, सोडतो, धरतो, सोडतो, त्याचा सूर होतो. तू त्याला घसरायला शिकवलंस!”

काकांनी गज उलटासुलटा करून बघितला. मग त्यांनी कपाळाला हात लावला. “म्हणजे हा ब्रेक आहे,” ते म्हणाले. “मी याला बिजागरी समजत होतो. लिफ्टच्या ब्रेकला मी तेलाचा थेंब लागू देत नाही.”

“मग इथे कशी मती गेली?”

“आवाज ऐकला की माझा हात डबीकडे जातो, दादा. विचार मागून येतो.”

मग साफसफाई निघाली. काकूंनी बासच्या पोटावर जाड टॉवेल अंथरला, कारण स्पिरिट लाकडाच्या पॉलिशवर सांडलं तर पॉलिश उठतं, आणि कापसाच्या बोळ्याने तार पुसून पुसून कोरडी केली. गज मात्र कामातून गेला होता. त्याचे केस बदलायला हवे होते, आणि ते करणारा कारागीर परगावी. दादांनी मग पेटीच्या तळातून आपला जुना गज काढायला लावला. तो वजनाला जड होता, पण केस चांगले होते. काकांनी नीट राळ घासली, दादांच्या देखरेखीखाली, आणि गज ओढला.

कुईं.

रोग होता तिथेच होता. तेलाने तो फक्त मुका झाला होता.

त्या दिवसापासून रोज कामावरून आल्यावर बाहेरच्या खोलीत शाळा भरू लागली. दादा खुर्चीतून बघायचे, काका वाजवायचे, काकू भाजी निवडता निवडता ऐकायच्या. गज तिरका जातो का? त्यासाठी दादांनी समोर आरसा लावायला लावला. गज घोडीला, म्हणजे तारा ज्या उभ्या लाकडावर टेकतात त्याला, अगदी समांतर जात होता. शेजारच्या तारेला लागतो का? नाही. डाव्या हाताचं बोट तारेला चुकून शिवतं का? तेही नाही. तरी कुईं यायचंच. दादांना हात करून दाखवता येत नव्हतं, आणि त्याचा त्यांना इतका संताप यायचा की ते डाव्या हाताने खुर्चीवर बुक्क्या मारायचे. “धर आधी! आधी धर, मग ओढ!”

“धरतोय की.”

“धरत नाहीस. तुझा हात तारेवर तरंगतो!”

“तरंगणारच,” काकू आतून म्हणाल्या. “आयुष्यभर वॉर्डात मांजराच्या पावलांनी फिरले ते. दार लावायचं तरी दोन बोटांनी. यांना कशावर भार टाकायची सवयच नाही.”

काकू शेंगांचं ताट बाजूला ठेवून बाहेर आल्या आणि काकांच्या शेजारी उभ्या राहिल्या.

“ओल्या चादरींची ट्रॉली आठवते ना तुम्हाला? नव्या पोरी येतात त्या हिसका देतात. हिसक्याने ती हलत नाही, नुसती किंचाळते. मी काय करते? आधी अंग टेकवते. जोर नाही करायचा, नुसतं अंग टाकायचं. मग एक क्षण येतो, ती हलायला तयार झाली हे हाताला कळतं. तेव्हा चालायला लागायचं. आणि सावकाश. घाई केली की पुन्हा किंचाळते.”

काकांनी दादांकडे बघितलं. दादांनी मान हलवली. “बरोबर सांगतेय ती. जाड तार म्हणजे ओल्या चादरीच.”

काकांनी गज तारेवर ठेवला. ओढला नाही. खांदा सैल सोडला आणि हाताचा भार हळूहळू खाली येऊ दिला. तार गजाखाली जराशी दबली, वळली, आणि मग काका ‘चालायला’ लागले. सूर निघाला. रुंद, काळाभोर, पोटातून आलेला. टेबलावरचे चमचे थरथरले. आणि त्या सुराच्या अगदी मधोमध आलं एक बारीकसं कुईं.

सुरुवातीचं गेलं होतं, मधलं राहिलं होतं. काका पुन्हा पुन्हा वाजवत राहिले आणि ते दर वेळी नेमकं तिथेच यायचं. शेवटची तालीम दुसऱ्या दिवसावर आली तरी ते हटेना. दादांनी खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळवायला घेतली.

काकू तेव्हा दिव्याचं बटण पुसत होत्या. हे त्यांचं रोजचं काम. काकांना कुठल्याही वस्तूवर अंगठा फिरवून बघायची खोड, आणि तो अंगठा कितीही धुतला तरी त्याच्या रेघांत तेल मुरलेलं. बटणांवर, कपाटाच्या कडेवर, फ्रिजच्या दारावर, सगळीकडे त्याचा करडा ठसा. काकूंनी फडकं थांबवलं. काका गजाला राळ लावून झाल्यावर नेहमीप्रमाणे केस किती ताणलेत ते बघत होते. डाव्या अंगठ्याने. मधोमध.

“द्या तो इकडे,” काकू म्हणाल्या.

त्यांनी गज दिव्याखाली आडवा धरला. सगळे केस राळेने पांढुरके झाले होते, फक्त मधे अंगठ्याएवढा एक पट्टा चकाकत होता. तिथे राळ बसलीच नव्हती. लाँड्रीत डाग ओळखण्यात जन्म गेलेल्या काकूंना त्याचा वास घ्यायचीसुद्धा गरज नव्हती.

“हा अंगठा मी ओळखते,” त्या म्हणाल्या. “तारेचं तेल काढलं, यांचं कोण काढणार?”

दादा आधी हसले नाहीत. मग असे हसले की त्यांना ठसका लागला. काकाही हसायला लागले, आणि मग डोळे पुसत म्हणाले, “राळ बसली की नाही ते बघायला बोट लावत होतो गं. मीच लावायचो आणि मीच पुसायचो.”

तेवढ्या पट्ट्यावर स्पिरिटचा बोळा फिरवला, “लाकडाला लागू देऊ नका” असं दादा ओरडत असताना. केस विंचरले, वाळवले, नव्याने राळ घासली. आणि सकाळी हॉस्पिटलात गेल्या गेल्या काकूंनी ड्रेसिंगच्या सिस्टरकडून काकांच्या डाव्या अंगठ्याला पांढरी पट्टी बांधून घेतली.

“काय लागलं, काका?” सिस्टरने विचारलं.

“लागलं नाही,” काकूंनीच उत्तर दिलं, “खोड आहे.”

पट्टी बांधलेला अंगठा कशालाही लावायचा नाही, असा हुकूम होता. कुठेही बोट लावायला गेले की पट्टी दिसायची आणि काका हात मागे घ्यायचे. त्या संध्याकाळी शेवटची तालीम झाली. काका घरी आले, चपला काढल्या, पाणी प्यायले, आणि मग सहज सांगावं तसं म्हणाले, “बाई म्हणाल्या, सुरुवात बासचीच.”

दादांनी काकूंना हाक मारली. “माझा काळा कोट कुठे आहे?”

कार्यक्रमाच्या दिवशी हॉलच्या पायऱ्या चढायला दादांना वेळ लागला. काकूंनी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. काठी टेकत, पाय ओढत, पण मान ताठ ठेवून ते वर आले आणि मधल्या रांगेत जाऊन बसले. मंचावर काका दादांच्या बासला बिलगून उभे होते. त्यांनी अंगठ्याची पट्टी सोडून खिशात घातली. लोक खोकले, खुर्च्या वाजल्या, मग सगळं शांत झालं. काकूंनी पदर मुठीत घट्ट धरला. बाईंनी काकांकडे बघून हात वर केला.

काकांनी गज तारेवर टेकवला आणि वाट बघितली. काकूंना दिसलं, त्यांचा खांदा खाली आला. त्यांनी अंग टाकलं. आता, काकू मनात म्हणाल्या, आता चाला.

सूर आला. आरंभी काही नाही, मधे काही नाही, शेवटी काही नाही, नुसता सूर. तो जमिनीतून खुर्च्यांच्या पायांत चढला, काकूंच्या पावलांना लागला, आणि बाकीची वाद्यं एकेक करून त्याच्यावर येऊन उभी राहिली. ज्या माणसाने जन्मभर आवाज बंद केले, तो आज भरल्या हॉलला आपला आवाज ऐकवत होता. माझा नवरा, काकूंना ओरडून सांगावंसं वाटलं. त्यांनी दादांकडे बघितलं. दादांचे डोळे मिटलेले होते, आणि डावा हात मांडीवर, कापडावरून अगदी सावकाश, गज ओढत होता.

मध्यंतरात दादांच्या पलीकडच्या गृहस्थांनी वाकून विचारलं, “ते बासवर कोण आहेत हो? काय सूर लावला!”

आता ‘आमचा धाकटा, हॉस्पिटलात असतो’ येणार, हे काकूंना पाठ होतं.

“ते?” दादा म्हणाले, एवढ्या मोठ्याने की पुढच्या रांगेतली डोकी वळली. “ते तेलकाका. माझा भाऊ.”

कार्यक्रम संपल्यावर काका बासची अवजड पिशवी सांभाळत पायऱ्यांपाशी आले. घाम आलेला, केस विस्कटलेले. काकूंकडे बघून ते हसले, पण विचारलं ते दादांना. जन्मभर विचारत आले तेच.

“आला का आवाज?”

“आला,” दादा म्हणाले. “शेवटच्या रांगेपर्यंत आला.” मग काठी काकूंच्या हातात देऊन त्यांनी आपला चालता हात पिशवीच्या पट्ट्यात घातला, आणि दोघा भावांनी मिळून ते धूड उचललं. “फक्त दुसऱ्या भागात तुझा गज घोडीकडे सरकत होता,” पहिली पायरी उतरताना ते म्हणाले. “उद्या बसू त्यावर.”